नाममुद्रा शेवटच्या चरणात असते, ती गाळू नका

पत्र: ‘मी मिरजेची, वय ३६. बारा वर्षं गुरुजींकडे शिकले, दहा वर्षं कार्यक्रम करते. अभंग, नाट्यगीतं, भावगीतं, मागणी असेल ते. गेल्या वर्षी आठ अभंगांचा अल्बम स्वखर्चानं केला, दीड लाख गेले. सगळ्या ॲपवर आहे. चौदा महिन्यांत हातात आले ६,२०० रुपये. त्यातल्या जनाबाईच्या अभंगाला चाल माझी आहे, कार्यक्रमात लोक तो पुन्हा म्हणायला लावतात. आता एक एजन्सी ‘पर्सनल ब्रँडिंग’चे महिन्याला ३५,००० मागते, रोज एक रील करू म्हणते. एक म्युझिक कंपनी आठही गाण्यांचे सगळे हक्क कायमचे २५,००० रुपयांत मागते. गुरुजी म्हणतात, गाणं चांगलं असेल तर लोक शोधत येतील, स्वतःची जाहिरात करू नये. मलाही लाज वाटते. काय करू?’

ताई, दोन्ही प्रस्तावांना आत्ता नाही म्हणा. एजन्सीला वर्षाचे ४,२०,००० जातील आणि हातात राहतील ३६५ रील, ज्यांतून तुम्ही नेमकं काय गाता हे कुणालाच कळणार नाही. कंपनीला गाणी दिलीत तर तुमचं एकमेव भांडवल जाईल.

आधी त्या ६,२०० रुपयांबद्दल, कारण ते मनाला लागलेले दिसतात. तो तुमच्या गाण्याचा भाव नाही. ॲपवाले जाहिराती आणि वर्गणीतून जमलेला पैसा एकूण ऐकण्यांच्या प्रमाणात वाटतात, आणि आपल्याकडे बहुतेक लोक फुकट किंवा स्वस्त वर्गणीत ऐकतात. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नसेल तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचा पैसा धरलाच जात नाही. तुमच्या आठांतली काही गाणी त्यात अडकली असतील. रेकॉर्डिंगमधून घर चालेल हा हिशेबच सोडून द्या. रेकॉर्डिंग ऐकून कुणीतरी कार्यक्रमाला बोलावतं, शिकायला येतं, तिकीट काढतं. पैसा तिथे आहे.

आता लाजेचं. तुम्ही रोज जे गाता त्यातच उत्तर आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात काय असतं? ‘तुका म्हणे’, ‘चोखा म्हणे’, ‘नामयाची जनी’. हीच नाममुद्रा. दळणकांडण करणाऱ्या बाईनं आपलं नाव अभंगात गुंफलं, म्हणून सातशे वर्षांनी तो अभंग तिचा आहे हे आपल्याला ठाऊक आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा गाणं संपताना त्या स्वतःचं नाव मोठ्यानं सांगत. तबकडी जर्मनीत छापली जायची आणि तिथल्या माणसांना गाणं कुणाचं ते कळायला हवं होतं. गरज तांत्रिक होती, पण नाव घराघरांत गेलं. नाव सांगणं म्हणजे बढाई नव्हे. गुरुजींचा विरोध बढाईला असावा, आणि तिथे ते बरोबर आहेत.

तर तुमची नाममुद्रा काय? ‘अभंग, नाट्यगीत, भावगीत, मागणी असेल ते’ ही नाममुद्रा होत नाही. आयोजकाला चाळीस गायिका माहीत असतात आणि सगळ्या सगळंच गातात, मग तो सगळ्यांत स्वस्त असेल तिला फोन करतो. एक वही घ्या आणि गेल्या दोन वर्षांतले सगळे कार्यक्रम लिहून काढा: कुणी बोलावलं, त्यांनी तुम्हाला आधी कुठे ऐकलं होतं, मानधन किती, साथीदार आणि गाडीभाडं जाऊन उरलं किती, लोकांनी पुन्हा काय म्हणायला लावलं. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. पत्रावरून वाटतं की तिथे जनाबाई वारंवार येईल. तसं असेल तर तुमचा रस्ता समोरच आहे: संत कवयित्रींचे अभंग, तुमच्या चालींत. मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, निर्मळा, कान्होपात्रा, बहिणाबाई. दोन तासांचा कार्यक्रम सहज उभा राहतो, आणि आषाढी, कार्तिकी, दिवाळी पहाट, महिला दिन, मराठी भाषा गौरव दिन, कुठेही बसतो. बाकीचं गाणं सोडू नका. फक्त पत्रिकेवर, चॅनलवर, फोनवर ओळख देताना एकच वाक्य ठेवा. कार्यक्रमाला स्वतःचं नाव द्या. ‘अभंगवाणी’, ‘भक्तिरंग’ असलं नको, ते शंभर जणांचं आहे. नाव ठरलं की ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर वर्ग ४१ मध्ये (करमणूक आणि शिक्षणाच्या सेवांचा वर्ग) शोधा. मोकळं असेल तर एका व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं शुल्क ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षांची मिळते. हे पहिल्या महिन्यात नाही केलं तरी चालेल. पाच-सहा प्रयोग होऊ द्या.

या निवडीचा कायदेशीर फायदाही मोठा आहे. कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. संतांचे शब्द केव्हाच सगळ्यांचे झाले, पण चाल सगळ्यांची नसते. श्रीनिवास खळे २०११ साली गेले, म्हणजे त्यांनी लावलेल्या चालीवरचे हक्क २०७१ संपेपर्यंत आहेत, शब्द तुकोबांचे असले तरी. तशी चाल गाऊन यूट्यूबवर टाकलीत की हक्कदाराचा दावा येतो आणि जाहिरातीचा पैसा तिकडे वळतो. पारंपरिक शब्दाला तुमची चाल असेल तर तुम्ही संगीतकारही होता, गायिकाही, आणि रेकॉर्डिंगच्या मालकही.

या तिन्हींचा पैसा वेगवेगळ्या वाटांनी येतो, आणि बहुतेक गायक इथे एकच वाट चालू ठेवतात. डिस्ट्रिब्यूटरकडून, म्हणजे गाणी ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीकडून, येतो तो फक्त रेकॉर्डिंगचा. चालीचा पैसा गोळा करते इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस. तिथे संगीतकार म्हणून सभासद व्हा आणि सभासदत्वावर न थांबता प्रत्येक रचना नोंदवा. रचना नोंदली नसेल तर पैसा तुमच्या नावावर लागत नाही. गायिका म्हणून जो हक्क असतो त्याचा पैसा गोळा करते इसाम्रा (पूर्वीची इसरा), ही गायक-वादकांच्या हक्कांची संस्था. प्रत्येक रेकॉर्डिंगला डिस्ट्रिब्यूटरनं बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक दिलेला असतो. आठही क्रमांक वहीत लिहा. उद्या डिस्ट्रिब्यूटर बदललात तर तेच क्रमांक न्यायचे, नाहीतर जमलेली ऐकणी शून्यावर येतात. नावाचं रोमन स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. एका अक्षराच्या फरकानं ॲपवर दोन गायिका तयार होतात.

एक कागद अजून राहिला असेल: अल्बमला साथ केलेल्या तबलजी, पखवाजवादक, कीबोर्डवाल्यांची लेखी संमती, ठरलेल्या मानधनासह. आत्ता घ्या. गाणं चालल्यावर मागायला गेलात की मैत्रीत कटुता येते. कीबोर्डवाल्यानं तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा आयता तुकडा, वापरला असेल तर तेही विचारा. तोच लूप दुसऱ्या कुणाच्या गाण्यात असला की यूट्यूबची आपोआप ओळखणारी यंत्रणा, कंटेंट आयडी, तुमच्यावरच दावा लावते. दुसरी गंमत म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमार्फत कंटेंट आयडी चालू केलंत आणि स्वतःचं चॅनल सवलतीच्या यादीत टाकायला विसरलात, तर तुमच्याच व्हिडिओवर तुमच्याच नावाचा दावा येतो.

कंपनीच्या कराराकडे वळू. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर अशा करारातही संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कायम राहतो, तो लिहून देऊनही सुटत नाही. पण बाकी बरंच सुटतं. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच त्यांच्या मसुद्यात ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे शब्द ठळक असणार. सगळ्यांत वाईट कलम शेवटच्या पानांवर असतं: नाव, छायाचित्र आणि चॅनलच्या वापराचा हक्क. ते सही केलंत तर उद्या स्वतःच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीलाही त्यांची परवानगी लागेल. त्यांना खरंच रस असेल तर हे सांगा: दोन गाणी, तीन वर्षांचा परवाना, मालकी माझी, माझ्या चॅनलवर आणि कार्यक्रमात वापर मला मोकळा. नाही म्हणाले तर तुमचं काही गेलं नाही.

आता रील. रोज एक नको. तीन महिन्यांतून एक दिवस ठेवा, त्या दिवशी सहा अभंग चित्रित करा. तंबोरा एकदाच जुळवायचा, माइक एकदाच लावायचे. फोन विमान मोडवर, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर, पाठीशी खिडकी नको. आवाज मात्र फोनवर घेऊ नका. दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र), एक माइक तोंडापासून आठ-दहा इंचांवर, दुसरा पेटीच्या पट्ट्यांच्या वर फूटभर, भात्याच्या बाजूला नको, नाहीतर हवेचा फुसफुसाट सुरांच्या वर येतो. तबला असेल तर चार चॅनलचा घ्या. सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सुरुवातीला एक टाळी वाजवा, नंतर चित्र आणि आवाज जुळवायला तीच खूण. तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर दोन रजया टांगा. घुमणारी खोली नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट होत नाही. अंतिम आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास ठेवा. त्याहून मोठा असला तर यूट्यूब खाली आणतं, कमी असला तर वाढवत नाही, आणि तुमचं गाणं शेजारच्या व्हिडिओपेक्षा मिणमिणतं वाटतं.

महिन्याला दोन पूर्ण व्हिडिओ आणि त्यांतूनच कापलेले सहा-आठ उभे तुकडे, चाळीस-पन्नास सेकंदांचे, पुरेसे आहेत. तुकडा आलापापासून सुरू करू नका, ध्रुवपदापासून करा. व्हिडिओखाली अभंगाचे पूर्ण शब्द देवनागरीत लिहा, कठीण शब्दांचे अर्थ द्या, चाल कुणाची ते लिहा. लोक अभंग शब्दांवरून शोधतात. कीर्तनकार शोधतात, शाळेच्या स्पर्धेसाठी आई शोधते. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि फार थोडे गायक ते करतात. शेवटच्या पाच सेकंदांत तुमचं नाव, कार्यक्रमाचं नाव, पुढच्या प्रयोगाची तारीख.

संकलन बाहेर द्यायचं तर नगावर द्या, महिन्याच्या पगारावर नको. चॅनलचा मूळ ईमेल, पासवर्ड आणि पासवर्ड परत मिळवायचा फोन नंबर तुमच्याच हातात. संकलकाला फक्त संपादनाची परवानगी. पासवर्ड ज्याच्याकडे असतो, भांडण झालं की चॅनल त्याच्याकडे राहतं. आणि विकतचे फॉलोअर घेऊ नका. पन्नास हजार फॉलोअर आणि व्हिडिओला दोनशे लाइक हे आयोजकाला दिसतं.

यूट्यूबचं उत्पन्न कधी सुरू होतं? ५०० सदस्य, ९० दिवसांत तीन व्हिडिओ आणि वर्षभरात ३,००० तास पाहणं झालं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्स ३० लाख वेळा पाहिले गेले, की चाहते थेट पैसे देऊ शकतात. जाहिरातीसाठी १,००० सदस्य आणि ४,००० तास लागतात. लांब व्हिडिओच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा तुमचा, पण खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत रक्कम येत नाही. कराची माहिती भरायला विसरू नका. ती नसेल तर एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत अमेरिकी कर कापला जाऊ शकतो. भरली तर करारानुसार १५ टक्के, तोही फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या वाट्यावर. तरीही या पैशावर विसंबू नका, साथीदारांचा चहापाणी सुटला तरी पहिलं वर्ष चांगलं गेलं म्हणायचं.

खरा पैसा दोन ठिकाणी आहे, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

पहिलं ठिकाण शिकवणं. ‘गाणं शिकवते’ अशी पाटी लावू नका. ‘संत कवयित्रींचे आठ अभंग, आठ आठवडे’ असा सुरू होऊन संपणारा वर्ग घ्या. बारा जणी, प्रत्येकी २,४०० रुपये, म्हणजे एका तुकडीचे २८,८००. ऑनलाइन एकत्र गाता येत नाही, आवाज पोचायला उशीर लागतो आणि सगळ्या मागेपुढे होतात. म्हणून सगळ्यांचे माइक बंद, एकीचा चालू, बाकीच्या आपापल्या घरी गुणगुणतील. झूममध्ये संगीतकारांसाठी ‘ओरिजिनल साउंड’ची सोय आहे, ती चालू करा. नाहीतर तंबोऱ्याचा अखंड नाद यंत्राला गोंगाट वाटतो आणि ते तो कापून टाकतं. त्या वेळी कानाला हेडफोन हवाच. फुकट खात्यात चाळीस मिनिटांनी वर्ग तुटतो, तेव्हा एका महिन्याचं पैसे भरून घ्या. प्रत्येकीला दोन-तीन पट्ट्यांतल्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग द्या, बायकांसाठी पांढरी पाच आणि काळी चार, पुरुष असतील तर काळी एक. तुमच्या पट्टीत सगळ्यांना गायला लावलंत की तिसऱ्या आठवड्याला निम्म्या गळतात. घसा दुखला असं कुणी सांगत नाही, येणंच बंद होतं. शनिवारी सकाळी सातचा वर्ग ठेवलात तर न्यूयॉर्कला उन्हाळ्यात शुक्रवारचे रात्रीचे साडेनऊ असतात, कॅलिफोर्नियाला संध्याकाळचे साडेसहा. तिकडच्या मराठी बायकांना हीच वेळ सोयीची पडते.

दुसरं ठिकाण स्वतःचा तिकिटाचा प्रयोग. पहिल्या वर्षी दोनच करा, एक सांगली-मिरजेत, एक कोल्हापूर किंवा पुण्यात. दोनशे खुर्च्यांचं सभागृह, तिकीट ३००, समजा १३० गेली: ३९,०००. सभागृह ९,०००, साऊंड ८,०००, पाच साथीदार २,५०० प्रमाणे १२,५००, निवेदक २,०००, छपाई १,५००, तिकीटविक्रीची कटौती २,०००. उरले ४,०००. आकडे तुमच्या गावात थोडे हलतील, पण चित्र हेच. त्या संध्याकाळचा खरा लाभ म्हणजे पैसे मोजून आलेली १३० माणसं. दारात एक टेबल ठेवा, त्यावर क्यूआर कोड आणि एक मुलगी, जी प्रत्येकाला तुमचा नंबर फोनमध्ये साठवायला लावेल. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची असते, पण ज्यानं तुमचा नंबर साठवलेला नाही त्याला संदेश पोचतच नाही. अनेक कलाकार वर्षानुवर्षं निरोप पाठवतात आणि कुणी येत नाही म्हणतात, त्याचं हे एक साधं कारण. महिन्यातून एकच निरोप पाठवा. सुप्रभात वगैरे नको.

सुपारीच्या कार्यक्रमांना यापुढे एका पानाचा कागद पाठवा. मानधन किती आणि त्यात काय धरलं आहे: साथीदार, गाडी, मुक्काम, जेवण, साऊंड. निम्मी रक्कम आगाऊ, पंधरा दिवसांच्या आत रद्द झालं तर आगाऊ परत नाही. साऊंडची यादी: गायन १, पेटी १, तबला २, पखवाज २, कीबोर्डची १ लाइन, साइड रिदम २, निवेदक १, असे दहा चॅनल आणि तीन मॉनिटर, म्हणजे कलाकारांना स्वतःला ऐकायचे स्पीकर. आणि चित्रीकरणाचं कलम. आयोजक दोन तास फेसबुकवर लाइव्ह करतात, आवाज मागच्या खांबावरच्या फोनचा, आणि पुढच्या गावचा आयोजक तुमचं नाव शोधतो तेव्हा तोच व्हिडिओ वर येतो. लिहून द्या: दहा मिनिटांपर्यंतचं चित्रीकरण मोकळं, त्यापुढे लेखी परवानगी आणि मिक्सरमधून थेट घेतलेला आवाज.

परदेशातली मंडळं तुमच्या एकवाक्यी ओळखीवर बोलावतील, कारण त्यांना महिला दिनाला, आषाढीला नेमका असा विषय हवा असतो. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं. पर्यटक व्हिसावर मानधनाचा कार्यक्रम मात्र करू नका. अमेरिकेत पारंपरिक कलांसाठी पी-३ व्हिसा असतो, तो बोलावणाऱ्यानं मागायचा असतो आणि त्याला महिने लागतात.

प्रायोजक येतील तेव्हा मसाला आणि साड्या अभंगाच्या व्हिडिओत घेऊ नका. श्रोत्याच्या मनातून तुम्ही उतराल. तुमच्या गावातच याहून जवळचं काही आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एखाद्या तंबोरा बनवणाऱ्यासोबत ‘जवारी (घोडी घासून तारेला आणलेला झंकार) कशी लावतात, तंबोरा कसा जुळवायचा’ असे चार व्हिडिओ करा. पैसे किंवा वाद्य घेतलं असेल तर सुरुवातीलाच ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहा.

कराचं थोडक्यात: मोठे आयोजक दहा टक्के टीडीएस कापतात, तो आयकर संकेतस्थळावर तुमच्या नावावर जमा दिसतो का ते दर तिमाहीला बघा आणि विवरणपत्र भरून परत मागा. शास्त्रीय आणि लोककलेच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनाला जीएसटी माफ आहे, ब्रँडच्या प्रचाराला ती माफी नाही. सेवांची नोंदणीमर्यादा २० लाख. तुमची बेरीज एकदा सीएला दाखवा.

क्रम सांगते. या महिन्यात वही, संमतीचे कागद, आयपीआरएस. पुढच्या महिन्यात पहिलं चित्रीकरण. तिसऱ्या महिन्यात वर्गाची पहिली तुकडी. दिवाळी पहाटेसाठी आयोजकांना पत्र श्रावणात जायला हवं, गणपती उठेपर्यंत बहुतेक नावं ठरलेली असतात. आणि पहिले सहा अभंग चॅनलवर टाकण्याआधी गुरुजींना घरी जाऊन ऐकवा. गाण्याबद्दल ते जे काढायला सांगतील ते काढा. नाव काढायला सांगितलं, तर त्यांना शेवटचा चरण म्हणून दाखवा.